नवशिक्यांसाठीच्या आपल्या पाककृती पुस्तकातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व संपादन विभाग

नागपूर, 2 जून

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी माझे चौथ्यांदा बोलणे झाले. पाचव्यांदा बोलण्याची माझी तयारी नाही, म्हणून लेखी कळवीत आहे. पुस्तक आपलेच असल्याने त्याची ओळख करून देत नाही. मुखपृष्ठावर ‘स्वयंपाकघरात कधीही पाऊल न टाकलेल्यांसाठी’ असे छापलेले 495 रुपयांचे पुस्तक, एवढे पुरे आहे.

मी नेमका तोच वाचक आहे. माझे वय 63, सारी नोकरी लेखा विभागात गेली आणि चहा सोडला तर गॅसपाशी उभे राहण्याची वेळ कधी आली नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी पुण्याला गेली असून घरी मी आणि 86 वर्षांची आई असे दोघेच आहोत. आईला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे बाहेरचा डबा चालत नाही, म्हणून आपले पुस्तक आणले.

पृष्ठ 9 वर ‘या पुस्तकात चमचा म्हणजे 15 मिलिलिटरचा मोठा चमचा’ अशी सूचना आहे. पृष्ठ 31 वर एक वाटी तुरीच्या डाळीच्या वरणाला ‘1 चमचा मीठ’ सांगितले आहे. मी इतवारीतून मापाचे चमचे विकत आणले, चमचा सुरीने सपाट केला आणि लिहिले होते तेवढेच मीठ घातले. आईने एक घास घेतला, काही न बोलता पाणी प्यायली आणि ताट बाजूला सारले. पानात अन्न टाकू नये म्हणून आम्हा भावंडांना जिने धाक घातला, तिने टाकलेले ताट मी प्रथमच पाहिले. माझाच हात चुकला असेल असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच वरण केले आणि पुन्हा तेच झाले. 15 मिलिलिटरच्या चमच्यात सुमारे 18 ग्रॅम मीठ मावते, 5 मिलिलिटरच्या लहान चमच्यात सुमारे 6 ग्रॅम; आणि प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुरलेल्या हाताला ही चूक वाचतानाच कळली असती. नवशिक्याला ती कळत नाही, कारण त्याच्याजवळ अजून अंदाज नसतो, आणि म्हणूनच तो पुस्तकावर विसंबतो.

पृष्ठ 58 त्याहून गंभीर आहे. ‘राजमा 1 तास भिजवून उघड्या पातेल्यात अगदी मंद आचेवर 40 मिनिटे शिजवावा’ असे तेथे छापले आहे. मी तसा चढवलाही होता. शेजारच्या वहिनी काही कामासाठी आल्या म्हणून तो आमच्या पोटात गेला नाही. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. राजमा निदान 5 तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळला तरच ते नष्ट होते. उकळी न येता मंद आचेवर राहिला तर त्याची बाधकता उलट वाढू शकते. असे चार-पाच दाणेही उलट्या व्हायला पुरतात. 86 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे मी आपल्याला लिहून सांगण्याची गरज नसावी.

विदर्भाच्या प्रकरणातल्या सांबारवडीत ‘2 वाट्या सांबार मसाला’ छापला आहे. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ज्याने हे ‘दुरुस्त’ केले, त्याने वडी एकदाही करून पाहिलेली नाही.

आता आजच्या बोलण्याविषयी. मी पृष्ठ 9 आणि पृष्ठ 31 शब्दशः वाचून दाखवले. आपला प्रतिनिधी म्हणाला, “काका, चमचा म्हणजे चमचा. घरात असेल तो घ्यायचा.” मी पृष्ठ 9 पुन्हा वाचले. त्याने मला थांबायला सांगितले आणि 11 मिनिटे मी संगीत ऐकत राहिलो. परत आल्यावर तो म्हणाला, “मीठ चवीनुसारच घालायचं असतं ना.” पुस्तकात तसे लिहिलेले नाही, असे मी सांगितले. त्यावर त्याने विचारले, “घरी काकू नाहीत का? लेडीज कोणी असतील तर त्यांना विचारून घ्या, त्यांना बरोबर कळतं.” पत्नी पुण्याला असल्याचे सांगताच उत्तर आले, “मग त्यांना फोन करा ना.” राजम्याचा विषय मी काढणार तोच त्याने ‘आणखी काही मदत हवी का’ असे विचारून फोन ठेवला, आणि दोन मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला.

पत्नीला विचारता येते, हे मला आपल्या प्रतिनिधीकडून कळायला नको होते. ती रात्र-रात्र बाळापाशी जागते. संध्याकाळी पाच मिनिटे बोलते, ती पाच मिनिटे मला मिठाच्या मापात घालवायची नव्हती. त्यासाठीच मी पुस्तक विकत घेतले. गोंदिया-गडचिरोलीहून शिकायला येऊन येथे खोली घेऊन राहणारी मुलेही असेच पुस्तक घेतात. त्यांच्या खोलीवर कोणत्या काकू आहेत?

माझ्या मुलीच्या बालपणी आपल्या प्रकाशनाची पुस्तके मी आवर्जून आणत असे. त्या विश्वासानेच हेही घेतले आणि आईच्या ताटात 18 ग्रॅम मीठ घातलेले वरण वाढले, दोनदा, हे मला विसरता येत नाही.

पृष्ठ 58 ची चूक आपण ताबडतोब जाहीर करावी, विक्रेत्यांकडील प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र घालावे, पुस्तकाची किंमत परत करावी आणि आजच्या उत्तराबद्दल लेखी क्षमा मागावी. 15 दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही, तेव्हा मला नागपूर सोडावे लागणार नाही. यावे लागेल ते आपल्याला.

पुस्तक परत पाठवीत नाही. आयोगापुढे ठेवण्यासाठी पृष्ठ 9, 31 आणि 58 वर खुणा करून ते जपून ठेवले आहे.

आपला,
एक ग्राहक