सायकलीचा लेखी खुलासा

मोदेना, इटली
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

अण्णा, "लेखी खुलासा दे" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. पंचायत समिती सुटून सहा वर्षं झाली तरी सवय सुटली नाही. असो. पानांचे फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवतोय, ती वाचून दाखवेल. मधलं गाळू नकोस म्हणावं.

मी मजेत आहे. जेवण, ऑफिस, घर, सगळं नेहमीचंच. आई, दोन्ही स्वेटर घालतो.

आता सायकल. काकांनी स्टेटसवर पाहिली ती घोड्याच्या चित्राची लाल सायकल माझी नाही. ती खालच्या मजल्यावरच्या आजोबांची. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. पेन्शनीत राहतो आणि बाहेरच्या खोलीत, आपल्याकडे जिथे आजोबा-पणजोबांचे फोटो लावतात तिथे, त्याने पाच सायकली टांगल्यात. मी फक्त शेजारी उभा राहून फोटो काढला. काकांनी त्यावरून "पोरगं फेरारी घेऊन बसलंय" असं अख्ख्या गल्लीत केलं.

घोडा फेरारीचाच, हे खरं. त्यांच्या कारखान्याचं गाव मारानेल्लो इथून जेमतेम अठरा किलोमीटर. सायकल मात्र कोलनागोची. मिलानजवळच्या कांबियागो गावात एर्नेस्तो कोलनागो नावाचे सायकल बनवणारे. 1972 साली मेक्सिकोत एडी मर्क्स या शर्यतपटूने तासाभरात 49.431 किलोमीटर मारले, ती सायकल त्यांच्या हातची. एवढं नाव झाल्यावरही हा माणूस 1980 च्या दशकात फेरारी कंपनी काढणाऱ्या एन्झो फेरारींकडे शिकायला गेला. मोटारवाल्यांना कार्बन फायबर या हलक्या पण मजबूत साहित्याची माहिती होती, सायकलवाल्यांना नुकती होऊ लागली होती. त्यातून 1986 मध्ये 'कन्सेप्ट' नावाची नमुन्याची सायकल झाली, 1989 मध्ये सी-35. चिमट्याचीही (पुढचं चाक धरतो तो) गंमत आहे. आपल्या अ‍ॅटलसचा चिमटा खाली पुढे वळलेला असतो ना, यांनी तो सरळसोट केला. सगळ्यांना वाटलं, हात बधिर होतील. मग 1994 मध्ये सी-40 आली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस-रूबेची शर्यत तिने मारली. ती शर्यत दगडी फरशांवरून जाते, आपल्या घाटरस्त्याच्या पावसाळ्यानंतरच्या अवस्थेत. एन्झो फेरारींना हे बघायला मिळालं नाही, ते 1988 मध्ये वारले.

म्हणून आजोबा असल्या सायकली दोन ढिगांत टाकतात. एका ढिगात मोटारवाल्याने खरंच डोकं लावलेल्या सायकली. दुसऱ्यात नुसता रंग आणि स्टिकर. हल्ली दुसराच ढीग मोठा. स्टिकरचे पैसे देणाऱ्यांना ते लग्नात भाड्याचा फेटा बांधून मिरवणारे म्हणतात. (शब्द माझे, त्यांनी म्हटलं ते आईसमोर लिहिता येणार नाही.)

मी घेतली ती 'मास्टर'. कोलनागोचीच, पण घोडा नाही, स्टिकर नाही, पोलादी. नुसता सांगाडा घेतला, चाकं आजोबांनी जुन्यातली दिली आणि चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला मला शिकवलं. आई, हिची नळी गोल नाही. चकलीच्या साच्यातून काढल्यासारखी, लांबीभर खाचा. वजन न वाढवता ताठपणा यावा म्हणून. ही नळी जिल्बेर्तो कोलोंबो यांनी काढली, आणि त्यांच्याच जिल्को कारखान्याने फेरारीच्या सुरुवातीच्या मोटारींचे नळ्यांचे सांगाडे केले होते. म्हणजे घोड्याशिवाय नातं आहेच, फक्त दिसत नाही. म्हणूनच मला परवडली. अण्णा, आकडा विचारलात म्हणून: साडेसातशे युरो. ओव्हरटाइमचे. भाजीची पिशवी अडकवायला कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीही नाही, हे मान्य.

एक गोष्ट मात्र तुम्हाला समजावून सांगायलाच हवी, नाहीतर काका त्याचाही गवगवा करतील. इथले सायकलवाले पुरुष पाय भादरतात. गुळगुळीत. पोरंच नाहीत, सत्तरीचे आजोबासुद्धा, रविवारी सकाळी. का, तर पडल्यावर खरचटलं की जखमेत केस अडकत नाहीत, चिकटपट्टी ओढताना बोंब मारावी लागत नाही, आणि शर्यतीनंतर तेल लावून मालिश करतात तेव्हा बरं पडतं. वारा कमी लागतो असंही म्हणतात. पण मला वाटतं हे सगळं नंतर शोधलेलं. खरं कारण, केसाळ पायाने गेलं की घोळक्यात कुणी पुढे येऊ देत नाही, नवखा समजतात. तालमीत लंगोट न लावता गेल्यासारखं. अण्णा, आपल्याकडे केस कधी उतरवतात ते मला ठाऊक आहे, तसलं मनात आणू नका. इथे त्याचा कशाशी संबंध नाही. मी केलेलं नाही, हे लिहून देतो.

आई, "पडलास म्हणजे?" याचं उत्तर: हेल्मेट आहे, आणि मी घोळक्याच्या शेवटी असतो. चोरीचा माल नाही, पावती आहे. देवाधर्मालाही सोडलेलं नाही. कोमो सरोवराच्या वर गिसाल्लोला सायकलवाल्यांची देवी आहे, तिच्या देवळात शर्यत जिंकलेल्या सायकली टांगतात. आपल्याकडे घंटा टांगतात तशा. जमलं की जाईन.

त्या घोड्याचंही सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रांचेस्को बाराक्का नावाचा वैमानिक होता, त्याच्या विमानावरचा तो घोडा. पोरगा 1918 मध्ये गेला. पुढे 1923 मध्ये त्याच्या आईने एन्झोंना सांगितलं, तुझ्या मोटारीवर लाव, नशीब उघडेल. घोड्यामागचा पिवळा रंग आमच्या मोदेनाचा. आई, हे तुला का सांगतोय कोण जाणे. आजोबांनी सांगितलं तेव्हा तुझी आठवण आली एवढंच.

दिवाळीला येत नाही. रजा मिळाली असती, पण तिकीट सातशेच्या वर गेलं होतं. आई, बेरीज-वजाबाकी करत बसू नकोस. सायकल ऑगस्टमध्ये घेतली, तिकीट सप्टेंबरात बघितलं, दोन्ही वेगळ्या गोष्टी.

या महिन्यात चाळीस हजारच पाठवलेत. राहिलेले वीस डिसेंबरच्या पगारातून. सोसायटीचा हप्ता चुकणार नाही, तेवढं बघून ठेवलंय. ताईच्या लग्नाचं कर्ज मार्चपर्यंत फेडायचं म्हटलंय ते म्हटलंय. अण्णा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या पैशांसाठी थांबवू नका.

कराडच्या स्थळाचं: फोटो पाहिला, मुलगी छान आहे, पण तिच्या वडिलांना "दोन वर्षांत परत येतो" असं सांगू नका. सहा महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्यात, आलो की बघू. तोवर त्यांनी थांबावं असंही म्हणत नाही.

फराळ पाठवू नका, कस्टममध्ये अडकतो. मागच्या वेळचे बेसनाचे लाडू अजून दोन ठेवलेत.

तुमचा,
धाकटा

ता. क. पाडव्याला व्हिडिओ कॉल करीन. इथे थंडी फार, त्यामुळे धोतर नेसणार नाही, फुलपँटच असेल. आग्रह करू नका.