गोरेपणाच्या मलमांविषयी अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा या तालुक्यांतून एसटीने येणाऱ्या मुली माझ्या वर्गात असतात. त्यांतील कित्येकींच्या पर्समध्ये एक ट्यूब असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे तिच्यावर छापलेले असते आणि ती चिठ्ठीशिवायच मिळालेली असते. हे पत्र त्या ट्यूबविषयी आहे.

या मलमात मोमेटासोनसारखे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असते. चेहऱ्यावरील वांग कमी करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ ते काही आठवड्यांपुरते, स्वतःच्या देखरेखीखाली देतात. मुली मात्र एकमेकींच्या सांगण्यावरून ते गोरे होण्यासाठी महिनोन्महिने रोज लावतात. सुरुवातीला चेहरा खरोखरच उजळतो, आणि म्हणूनच विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात आग होऊ लागते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या उमटतात, पुरळ येते, लव वाढते. आणि मलम थांबवावे तर चेहरा लालबुंद होतो, त्यामुळे मुलगी घाबरून तेच पुन्हा लावते. रंगावरून टोमणे ऐकत वाढलेली, चारचौघींत मागे राहणारी मुलगी आता चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमे परिशिष्ट ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीविना विक्रीला बंदी केली. नियम आहे, दुकानाच्या काउंटरवर तो दिसत नाही.

याहून मला भीती वाटते ती गोरेपणाच्या क्रीममध्ये मिसळलेल्या पाऱ्याची. पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. तरीही अकोल्यात एकाच कुटुंबातील तरुणी, तिची आई आणि बहीण यांची मूत्रपिंडे पार्लरमधून आणलेल्या क्रीममुळे बिघडल्याचे समोर आले. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी असेच रुग्ण नोंदवले आणि 2023 मध्ये तेथील औषध नियंत्रण विभागाने अशा प्रसाधनांच्या विक्रीविरुद्ध ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावाची मोहीम हाती घेतली. महाराष्ट्राने तेवढे करायला काय हरकत आहे?

मुलींना नट्ट्यापट्ट्याची हौस, असे म्हणून हा विषय बाजूला सारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ट्यूब आणायला पैसे बहुतेक वेळा आईच देते, कारण स्थळाकडून येणारा पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि बायोडेटात शिक्षणाच्या आधी वर्ण लिहिला जातो. उन्हात काळी पडेल म्हणून मुलीला मैदानावरून घरी आणले जाते, आणि तेही 2010 मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती ठरलेल्या तेजस्विनी सावंत यांच्या गावात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 मधील फेरीनुसार देशातील पंधरा ते एकोणीस वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्यामुळे आलेल्या फिकटपणालाही उजळपणा समजून कौतुक करणाऱ्या आत्या-मावशा मी पाहिल्या आहेत. तपासणीला नेण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

समाजाची नजर बदलणे एकट्या आपल्या खात्याच्या हातात नाही, हे मी जाणते. विक्री मात्र आपल्या अखत्यारीत आहे. कोल्हापुरात महाद्वार रोड, राजारामपुरी आणि तालुक्यांच्या बाजारपेठांतील औषध दुकानांत परिशिष्ट ‘एच’मधील मलमे चिठ्ठी पाहून दिली जातात का, हे औषध निरीक्षकांनी ग्राहक म्हणून जाऊन तपासावे. पार्लरमध्ये विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या डब्यांचे नमुने घेऊन त्यांतील पारा मोजावा आणि निकाल उत्पादकाच्या नावासह मराठीत जाहीर करावेत, कारण आज एखाद्या विद्यार्थिनीने विचारले की तिची डबी सुरक्षित आहे का, तर सांगायला माझ्याकडे काहीच नसते. गोरेपणाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली आणण्याचा मसुदा केंद्राने 2020 मध्ये काढला होता. त्याचा पाठपुरावा राज्याने करावा. आणि ज्या मुलींचे चेहरे आधीच बिघडले आहेत, त्यांना लाज न वाटता जाता येईल असा एक वार छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ठरवून द्यावा, यासाठी वैद्यकीय शिक्षण खात्याशी आपण बोलावे. नमुने गोळा करण्याच्या कामी माझ्या विद्यार्थिनी आणि मी आपल्या अधिकाऱ्यांना लागेल ती मदत करू.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका, कोल्हापूर