काकू, माझा फोन पर्समध्ये टाकल्याबद्दल

वरच्या मजल्यावरच्या काकूंना,
सा. न. वि. वि.

आई घरी आली आहे. पंखा मोठा का केला म्हणून सकाळपासून कुरकुर चालू आहे, म्हणजे तब्येत सुधारतेय. आता कुठे मला बसून लिहायला जमतंय.

ऑपरेशनच्या दिवशी मी पोस्ट टाकली होती. त्यावर हात जोडलेले, बदाम, 'स्ट्राँग राहा', 'काहीही लागलं तर हक्काने सांग'. म्हणून हक्काने सांगितलं. रात्री सोबतीला कुणीतरी हवं होतं, बाकी काही नाही. एकाची सकाळी मीटिंग होती, एकीला हॉस्पिटलचा वास सहन होत नव्हता. तिसरीने माझ्या मेसेजवरच बदाम टाकला. सोबत मागितली, बदाम मिळाला!

तुम्हाला तर मी काही कळवलंही नव्हतं. लिफ्टमध्ये 'काय, बरं ना?' एवढीच आपली ओळख. तुम्हाला वॉचमनकडून कळलं आणि तुम्ही आलात. ना सल्ला दिलात, ना 'सगळं चांगलं होईल' म्हणालात. माझ्या हातातला टिंगटिंग करणारा फोन काढून घेतलात, पर्समध्ये टाकलात आणि चेन ओढलीत. "कुणाचा फोन आला तर उठवते. तू आडवी हो आता."

मी त्या बाकड्यावर चक्क गाढ झोपले. सकाळी तुम्ही फोन परत दिलात तेव्हा लाइकचा आकडा चांगलाच फुगला होता. मिस्ड कॉल एकही नव्हता.

फेसबुकने लाइकचं बटण आणलं २००९ मध्ये. दुःखाच्या बातमीलाही अंगठाच दाखवावा लागायचा, म्हणून २०१६ मध्ये रडका चेहरा आला आणि २०२० मध्ये, कोविडच्या काळात, बदाम छातीशी धरलेला काळजीवाला चेहरा. सोय झाली खरी, पण काळजी करणाऱ्यांची! रॉबिन डनबार या संशोधकांनी ब्रिटनमधल्या फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी दीडशेच्या आसपास मित्र, आणि अडीअडचणीला भरवशाचे जेमतेम चार. मला तर वाटतं, ते चारसुद्धा लोकांनी उदार मनाने मोजले असणार.

सगळेच बदाम खोटे असतात असं नाही म्हणत मी. परगावच्या मावशीने हात जोडले ते मनापासूनच, तिला दुसरं काय करता येणार होतं? राग आहे तो जवळ राहून लांबून काळजी करणाऱ्यांचा. माणुसकी संपली वगैरे रडगाणं मात्र आता माझ्या तोंडी शोभणार नाही. ती वरच्याच मजल्यावर राहत होती आणि मी लिफ्टमध्ये तिच्याशी अर्धं वाक्य बोलत होते.

तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणून हे वाचून दाखवायला संध्याकाळी वर येते. आणि हो, काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय असं कळलं. रात्रीला मी थांबणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय.

तुमची,
खालच्या मजल्यावरची