कांजूरचा वास मोजा, आणि रात्री मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो. कांजूरमार्ग डम्पिंग ग्राउंडबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून बातम्या येतात, कोर्टात काय झालं, कोण नेता पाहणी करून गेला वगैरे, पण रोज रात्री इथे काय होतं ते कुठे नीट छापून येत नाही म्हणून हे पत्र. थोडं मोठं झालंय, जमेल तेवढं छापा.

दिवसा पाहुणे आले तर त्यांना काही कळतही नाही. दिवसा वारा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून असतो, वास खाडीकडे जातो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतात ना, तेच. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, आणि आमच्या पूर्वेला हायवे ओलांडला की खाडीकाठी हा कचऱ्याचा प्लांट, म्हणजे तो वारा कचऱ्यावरूनच आमच्या खिडक्यांवर येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात वाईट, कारण थंडीत रात्री हवा वर जात नाही, खालीच बसून राहते आणि तिच्याबरोबर वासही. साडेअकरा-बाराला सुरू होतो तो पहाटे दूधवाला येईपर्यंत. आंबलेलं, कुजलेलं, मधेच सडक्या अंड्यासारखं. खिडक्या लावल्या तरी बाथरूमच्या झडपेतून येतो, गॅलरीत वाळत घातलेले कपडे सकाळी परत धुवावे लागतात. बारावीची पोरं रात्री जागून अभ्यास करतात ती डोकं दुखतं म्हणून पुस्तक मिटून ठेवतात. आमच्या मजल्यावर एक आजोबा आहेत दम्याचे, त्यांची सून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते मग झोपते. आणि हे फक्त आमचंच नाही, टागोर नगर, भांडुप, मुलुंडपर्यंत लोक हेच सांगतात, वारा उलटा असला की खाडीपलीकडे ऐरोलीतही.

आता मुद्द्याचं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं. पाहणी केली, वास आढळला नाही, तक्रार बंद. पाहणी कधी केली तर सकाळी अकराला. अकराला वास नसतोच हो, वारा फिरलेला असतो! दुसरं उत्तर म्हणजे तुमच्या भागाचा एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा आकडा, मॉडरेट आहे. अहो पण एक्यूआय काढतात आठ गोष्टींवर, धूळ, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया अशा, त्यात हायड्रोजन सल्फाइड नाहीच. सडक्या अंड्यासारखा वास ज्या गॅसचा तो त्यात मोजलाच जात नाही. देशाची हवेची मानकं 2009 साली ठरली, त्यातल्या 12 प्रदूषकांतही तो नाही. म्हणजे घरात नाक धरून बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर हवा ठीक दिसते, आणि तोच आकडा त्याला उत्तर म्हणून दिला जातो. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. वास एकवेळ सहन करू, पण तुम्हाला वास येतच नाही असं सांगितलेलं सहन होत नाही.

वास मोजता येत नाही असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्येच वासाच्या प्रदूषणावर मार्गदर्शक सूचना काढल्यात. बाहेरच्या देशांत पद्धत अशी आहे की हवेचा नमुना पिशवीत भरतात, तो स्वच्छ हवा मिसळून पातळ करत जातात आणि ट्रेनिंग दिलेल्या लोकांना हुंगायला देतात, किती पट पातळ केल्यावर निम्म्या लोकांना वास येईनासा होतो त्यावरून आकडा ठरतो. हायड्रोजन सल्फाइडचे चोवीस तास चालणारे मीटर तर आपल्याकडेही कारखान्यांत असतात. मग इथे वस्तीत का नाहीत.

आम्ही आमच्यापरीने सुरुवात केलीय. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवलीय, दोनशे पानी साधी वही. वास आला की कोणीही खाली येऊन वेळ लिहितो, कसला वास, किती वेळ राहिला, आणि वॉचमन उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघून वाऱ्याची दिशा लिहितो. साधी गोष्ट आहे पण पानं चाळली की स्पष्ट दिसतं, धूर पश्चिमेकडे गेला त्या रात्री वास, पूर्वेकडे गेला त्या रात्री नाही. आजूबाजूच्या सोसायट्यांनीही आता अशा वह्या घातल्यात. ही वही पाहणीला येणाऱ्यांनी एकदा तरी उघडून बघावी.

प्लांटबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं नुसता उघडा ढीग असेल. तसं नाहीये. देवनार हे जुनं, 1927 पासूनचं डम्पिंग, तिथे 2016 ला लागलेली आग सगळ्यांना आठवत असेल. मुलुंडचं 2018 ला बंद झालं. त्यामुळे मुंबईच्या रोजच्या सहा हजार टनांहून जास्त कचऱ्यातला बहुतेक सगळा आता कांजूरला येतो. इथे बायोरिअॅक्टर पद्धत आहे, म्हणजे कचरा थर करून झाकायचा, त्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, ते परत आत सोडायचं म्हणजे कुजणं लवकर होतं, आणि तयार होणारा गॅस पाइपने ओढून घ्यायचा. शिवाय खत करायचा भाग वेगळा. कागदावर पद्धत चांगली आहे, पण ती चालते कधी, तर कचरा रोजच्या रोज झाकला, गॅस पूर्ण ओढला आणि लिचेट उघड्यावर साचू दिलं नाही तर. या तीनपैकी एक राहिलं तरी वास सुटणार. नुसते सुगंधी फवारे मारून काही होत नाही, आम्हाला मग कचरा अधिक लिंबू असा वास येतो, तो तर अजून मळमळवतो.

कोर्टाचं म्हणाल तर मे 2025 मध्ये हायकोर्टाने ही जमीन संरक्षित वनच आहे असा निकाल दिला, आता डम्पिंग हटेल म्हणून इथे लोकांनी पेढे वाटले, मग सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. ती लढाई चालू राहील, किती वर्षं ते कोण सांगणार. आम्हाला आज रात्री झोपायचंय.

आणि एक नक्की सांगतो, हे इथून उचलून दुसऱ्याच्या दारात टाका असं मी म्हणत नाही, काही शेजाऱ्यांना हे पटत नाही पण माझं मत आहे. मुलुंड बंद केलं तेव्हा तिथला कचरा हवेत विरला नाही, आमच्याकडे आला. उद्या आमच्याकडचा कुठल्या तरी गावाच्या गळ्यात मारणार, तिथल्या लोकांनाही नाक आहे. आणि यात आपलाही वाटा आहे. वास मारतो तो ओला कचरा, सुका नाही. 2016 च्या नियमांतच पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवायचा असं सांगितलं होतं. किती ठिकाणी होतंय? दादर, अंधेरी, बोरिवलीच्या वाचकांना हात जोडून विनंती आहे, रात्री उरलेली भाजी आणि प्लास्टिक एकाच पिशवीत बांधून देता तेव्हा ती पिशवी कोणाच्या तरी खिडकीखाली येऊन कुजते. ओलं वेगळं द्या, एवढं तरी करा.

बाकी मागण्या सरळ आहेत. प्लांटच्या कुंपणावर आणि कन्नमवार नगर, टागोर नगर, भांडुप इथे हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनियाचे मीटर लावा, आणि आकडे तासातासाला सगळ्यांना दिसतील असे ठेवा, महिन्याने पीडीएफमध्ये नको. गॅस किती तयार झाला आणि किती ओढला ते जाहीर करा. कचऱ्याच्या गाड्या हायवेवर काळं पाणी सांडत जातात, त्यांच्या टाक्या दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना रस्त्यावर सोडू नका, टू व्हीलरवाले त्यावरून घसरतात. आणि पाहणी रात्री बारा ते पहाटे पाचमध्ये करा, आधी न सांगता, रहिवाशांपैकी दोघांना बरोबर घेऊन. कोणी यायला तयार असेल तर आम्ही कुठल्याही रात्री खाली उतरायला तयार आहोत, चहाचीही सोय करू.

आपला,
एक रहिवासी
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई