आण्णांच्या हॉलमध्ये ओएलईडी नको

प्रिय दिल्या,

कसा शेस भो? इतके महिने ना पत्र ना फोन, ते मनाला लागून होतंच. पण तू पाठवलेला कोटेशनचा फोटो पाहिला आणि लिहायलाच बसलो. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. आखाजीला पोरी माहेरी यायच्या आत हॉलमध्ये 65 इंची ओएलईडी लावायचा घाट घातलायस. बयाणा दिला नसशील तर थांब.

ओएलईडी वाईट आहे असं नाही. अंधाऱ्या खोलीत त्याच्या तोडीचं चित्र दुसऱ्या कशाचंच नाही. मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळं म्हणजे खरोखर विझलेला ठिपका. पण हे ठिपके सेंद्रिय पदार्थाचे असतात आणि वापरून झिजतात, निळा सगळ्यांत लवकर. जो भाग सतत भडक, तो आधी थकतो. आता आण्णांचा दिवस डोळ्यांपुढे आण. सकाळच्या चहापासून एकच बातम्यांचं चॅनल, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, सगळं तासन्‌तास एकाच जागी. त्या पट्टीचा डाग एकदा बसला की सिनेमातल्या आभाळातही दिसतो, आणि बहुतेक वॉरंट्यांत तो धरत नाहीत. आण्णांकडून घराच्या किल्ल्या मिळतील, रिमोट मिळणार नाही, तेव्हा चॅनल बदलायला सांगू हा उपाय सोडून दे.

दुसरं, भिंतीवरचं बटण. ही झीज सारखी करायची सोय टीव्हीत असते. एकूण चारेक तास चालला की रिमोटने बंद केल्यावर तो आतल्या आत ठिपके तपासून भरपाई करतो. पण त्यासाठी मागची वीज चालू लागते. तुमच्याकडे रात्री बटण बंद केल्याशिवाय कुणी झोपत नाही. म्हणजे ती भरपाई कधी होणारच नाही.

शिवाय तुझा हॉल पश्चिमेचा. दुपारी 3 नंतर खिडकीतून ऊन थेट आत. पूर्ण पडदा पांढरा झाला की, म्हणजे क्रिकेटचं दुपारचं मैदान किंवा बातम्यांचा स्टुडिओ, ओएलईडी स्वतःच उजेड उतरवतो. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यातलं भुसावळ मी तुला काय सांगू. कुठलाही टीव्ही घे, पण उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर लावू नकोस आणि मागे चार बोटं तरी जागा सोड.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मिनी एलईडी घे. तो एलसीडीच, फक्त पडद्यामागे बारीक एलईडींची दाट बिछायत असते आणि तिचे शेकडो भाग वेगवेगळे मंद-तेज होतात. उजेड भरपूर, डागाची काळजी नाही. उणीव एकच, काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती धुरकट वलय दिसतं. भाग जितके जास्त, वलय तितकं कमी.

दुकानदार मध्येच क्यूएलईडी पुढे करेल, ओएलईडीच्या खालोखाल म्हणून. तिथे सांभाळ. ती क्वांटम डॉटची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, पातळ फिल्म. त्या कणांच्या शोधाला 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, पण फिल्मने रंग सुधारतात, काळं सुधारत नाही. मागचे दिवे नुसते कडेला असतील तर तो साधा एलईडी टीव्हीच, रंग जरा चांगला एवढंच. म्हणून विचार, 'फुल ॲरे लोकल डिमिंग आहे का, झोन किती?' म्हणजे दिवे पूर्ण पडद्यामागे आहेत का आणि किती भागांत वेगवेगळे मंद होतात. उत्तर आलं नाही तर पुढच्या टीव्हीकडे सरक.

पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, तीही बघ. एलसीडीत तिचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलचं काळं गडद, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, 3000:1 च्या वर सहज. आयपीएसचं 1000:1 च्या आसपास, पण बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात. तुमची बसायची जागा समोरच आहे, तेव्हा व्हीए. एकाच मॉडेलात साइझ बदलली की पॅनलही बदलू शकतं, म्हणून मॉडेलचा पूर्ण नंबर घे. दुकानात सगळे टीव्ही व्हिव्हिड मोडवर, झगमगाटात ठेवलेले असतात. सिनेमा मोड लावायला सांग, पेनड्राइव्हवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचं चित्र घेऊन जा आणि समोरून, मग कोपऱ्यातून बघ.

तू लगेच जुन्या प्लाझ्मा टीव्हीचा विषय काढशील, ठाऊक आहे मला. चित्राबद्दल तुझं तेव्हाही खरं होतं, भांडण विजेच्या बिलाचं होतं. शेवटी पॅनासोनिकनेही 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणं थांबवलं. आणि डाग त्यालाही पडायचे, दिल्या!

घरी आणल्यावर बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा उजेड, 100 वर ठेवू नकोस, दिवसा 70, रात्री 40 पुरे. त्या दिव्यांच्या एलईडी पट्ट्या बहुतेकदा उष्णतेनेच जातात. पुढे कधी आवाज येतोय पण चित्र नाही असं झालं, तर पडद्यावर तिरका टॉर्च मार. अंधूक चित्र दिसलं तर बहुधा पट्टी गेली, पॅनल शाबूत. पट्ट्या बदलता येतात, पण काच उचलताना कडेच्या रिबनी, म्हणजे चपट्या पातळ वायरी, फाटल्या की पॅनलच जातं, तेव्हा हात बसलेला माणूसच बोलव. आणताना टेम्पोत खोका उभाच ठेव, आडवा अजिबात नाही. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लगसोबत डिशची वायरही काढ. न्यूट्रलची तार तुटली तर 230 च्या जागी 400 व्होल्टही घरात येतो, म्हणून चांगला स्टॅबिलायझर आधी, अर्थिंगही तपासून घे, टीव्ही नंतर.

65 इंच 9-10 फुटांवरून बरोबर आहे, पण आण्णांचं चॅनल साध्या पॅकमध्ये असेल तर एवढ्या पडद्यावर भुरकट दिसेल. एचडी पॅक घ्या. आणि 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये तो नीट बघ.

पिंकीचा निकाल काय लागला? केळीचं यंदा कसं? वहिनींना नमस्कार, भरीत खायला येतोच. मॉडेलचा नंबर आजच पाठव.

तुझा,
सुऱ्या