कुंद्याचा पुडा

चि. बाळूस, अनेक आशीर्वाद.

तुझा साखरेच्या तपासणीतला एचबीएवनसी 7.8 आला, हे मला सूनबाईकडून कळलं. मीही दोन वर्षं माझी शुगर लपवली होती, तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही. तरी बोलणारच.

हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग, असं आपल्या गल्लीत अजून म्हणतात. मी जन्मभर चिखलात भात लावला, मलाही झालाच की. तपासणीआधी दोन दिवस भात सोडायचा खेळ मी केलाय. त्यानं उपाशीपोटीचा आकडा खाली येईल, हा एचबीएवनसीचा येत नाही. ही तीन महिन्यांची सरासरी आहे.

एका संकष्टीचं तुला सांगितलं नव्हतं. सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि उपास म्हणून नुसत्या चहावर बेळगावला गेले. परतताना गाडीत पाय ठेवायला जागा नाही. 2023 ला बायकांना तिकीट माफ झाल्यापासून हे रोजचंच. मच्छे मागे पडलं आणि साखर एकदम उतरून हात थरथरायला लागले. पोलका घामानं भिजला, समोरच्या बाईच्या कानातली कुडी एकाची दोन दिसायला लागली. कसंबसं कानडीत “सक्करे, सक्करे” म्हणाले. तिला वाटलं, मी आजार सांगतेय. म्हणाली, मग गोड खाऊ नका! मागच्या म्हातारीनं मात्र माझं तोंड बघितलं, कुंद्याचा पुडा फोडला आणि बोटानंच भरवला.

डॉक्टरांना हसू आलं नाही. म्हणाले, कुंद्यात खवा, त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. तीन चमचे नुसती साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. आता माझ्या चंचीत पानाशेजारी साखरेची पुडी असते.

तुला मेटफॉर्मिन दिलीय म्हणे. एकट्या त्या गोळीनं सहसा असं होत नाही. खरं उद्या दुसरी जोडली तर? दुपारचा डबा तू चार वाजता उघडतोस, हेही सूनबाईच बोलली, तिच्यावर डाफरू नकोस. ऑफिसात शेजारी बसतो त्याला तरी सांगून ठेव.

शनिवारी येताना रिपोर्ट आण, आणि माझ्या मीटरच्या पट्ट्यांची डबी. नाचण्याची भाकरी करते. बाबांनी तुझ्यासाठी कुंदा आणून ठेवलाय, तो मी शेजारी देऊन टाकते.

तुझी आई