असिस्टंट कोच आला की एकच ओळ का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हेड कोच बदलला की फोटो, पगार, मुलाखत सगळं छापून येतं आणि असिस्टंट कोच नवा आला की कुठेतरी कोपऱ्यात एक ओळ. बरीच वर्षं हा खेळ बघतोय, मला हे अजिबात पटत नाही. अहो, टीमसाठी शाळेतली पोरं शोधणं, त्यांच्या आईवडिलांशी दोन-दोन वर्षं फोनवर बोलत राहणं हे सगळं हाच माणूस करतो, हेड कोच बऱ्याचदा शेवटी येऊन बसतो.

गोन्झागाचंच बघा ना. स्पोकेनसारख्या आडबाजूच्या गावातलं छोटंसं कॉलेज. तिथे पोलंडचा कार्नोव्स्की, लिथुआनियाचा सबोनिस, जपानचा हाचिमुरा अशी पोरं आली त्यामागे टॉमी लॉइड नावाचा असिस्टंट होता, २० वर्षं एकाच जागी. बाकीचे त्याच त्या अमेरिकन हायस्कूलमधल्या त्याच त्या स्टार पोरांमागे धावत होते तेव्हा ह्याने परदेशात ओळखी जोडल्या. २०२१ ला तो ॲरिझोना कॉलेजचा हेड कोच झाला आणि पहिल्याच सीझनला ३३ मॅच जिंकल्या, हरल्या फक्त ४.

आता शॉर्टकटही आहे, पोराच्या घरातल्याच माणसाला नोकरी द्यायची. १९८३ ला कॅन्सस कॉलेजचा हेड कोच लॅरी ब्राउनने एड मॅनिंगला असिस्टंट केलं, तो तेव्हा ट्रक चालवायचा, आधी प्रो खेळलेला होता म्हणा. मुलगा डॅनी पाठोपाठ नॉर्थ कॅरोलायनाहून तिथे आला आणि १९८८ च्या कॉलेज चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये ३१ पॉइंट, १८ रिबाउंड काढून टायटल देऊन गेला. पण दर वेळी असं जमत नाही. मिझुरी कॉलेजने २०१७ ला मायकेल पोर्टर सीनियरला असिस्टंट म्हणून घेतलं, त्याचा मुलगा ज्युनियर आला, पहिल्याच मॅचला पाठ दुखावली, कॉलेजकडून जेमतेम ३ मॅच खेळला आणि एनबीए ह्या प्रो लीगला गेला. एका घरावर सगळा डाव लावला की हा धोका असतोच.

लोक म्हणतात आता २०२१ पासून एनआयएलचा, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरेंतून कमावता येणारा पैसा आलाय, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी असलेलं ट्रान्सफर पोर्टल आहे, ओळखीला कोण विचारतं. मला उलट वाटतं. पोर्टल उघडलं की पोराला थोड्या दिवसांत कॉलेज निवडायचं असतं, पैशाचे आकडे तीन-चार ठिकाणचे सारखेच, मग तो फोन कुणाचा उचलणार? सोळाव्या वर्षापासून जो बोलतोय त्याचा. आणि पहिल्या वेळी नाही म्हटलेल्या पोराशीही जो असिस्टंट नीट वागला त्याच्याकडे तो पोरगा दोन वर्षांनी परत येऊ शकतो, म्हणून नकार ऐकून घ्यायची रीतसुद्धा रिक्रुटिंगच, म्हणजे पोरं मिळवण्याचंच काम आहे.

एकदा जुलैतल्या शाळकरी पोरांच्या टूर्नामेंटला गेलो होतो. त्या दिवसांत कोचने तिथे पोरांशी बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असा नियम. कॉलेजचे टीशर्ट घालून कोच बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेपाशी खुर्च्या टाकून बसलेले, बरेचसे मोबाईलमध्ये. एक तरुण असिस्टंट मात्र एका पोराला मॅचमधून बाहेर काढलं तरी त्याच्यावरच नजर ठेवून होता, तो पोरगा बेंचवर चिडतो का, आत गेलेल्या पोरासाठी टाळ्या वाजवतो का. वहीत काहीतरी लिहिलं त्याने. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

दबावही ह्याच माणसावर असतो. २०१७ ला एफबीआयने लाचेच्या प्रकरणात पकडले ते चारही कॉलेज कोच असिस्टंट होते, त्यांचं समर्थन नाही करत. पण पोरं आणली नाहीत तर पहिली नोकरी ह्याचीच जाते. म्हणून नवा असिस्टंट आला की पहिल्याच वर्षी कोण साइन झालं एवढंच विचारू नका, तीन वर्षं द्या. आणि पुढच्या वेळी बातमी देताना तो आधी कुठे होता, कुठल्या भागातले शाळांचे कोच त्याला ओळखतात, त्याने आणलेली पोरं टिकली का, एवढं तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक